रकाना क्रमांक अकरा

अर्जाच्या दुसऱ्या पानावर, रकाना क्रमांक अकरा :
‘आर्थिक अडचणीचे कारण. थोडक्यात.’
खाली दोन ओळींची जागा.
पेनाचं टोपण दाताखाली धरून मी बसलेली,
सिव्हिल लाइन्सच्या त्या हॉलमध्ये
जिथे कूलरचं तोंड फक्त टेबलाकडे असतं.

थोडक्यात म्हणजे कुठून?
बुटीबोरीच्या कारखान्याला कुलूप लागलं, त्या मंगळवारपासून?
की त्याच्या आधी, पट्ट्याने यांची दोन बोटं नेली तिथून?
की पार मागे,
बेश्याच्या रिकाम्या प्लॉटवर
चुन्याच्या रेघा दाखवत बिल्डरचा माणूस म्हणाला,
“वहिनी, हे तुमचं स्वयंपाकघर,”
अन् मी मे महिन्याच्या उन्हात
रेघेच्या आत जाताना चप्पल काढली,
तिथून?

शेजारच्या खुर्चीवर जरीपटक्याचे लालवानी.
साडीच्या दुकानातला माणूस, अजूनही कागदाची घडी
कापडासारखी घालतो.
त्यांच्या अकरा नंबरात एकच शब्द होता :
‘मुलगा’.
मी विचारलं नाही.
त्यांनी माझ्याकडचं पाणी मात्र घेतलं.

मग मी लिहिलं :
घर आहे.
पगार नाही.

“निनावे! वैजयंती निनावे!”
खिडकीतले तिरपुडे चष्म्यावरून बघतात.
बँकेची नोटीस, आहे. हप्त्यांचा उतारा, आहे.
“नोकरी गेल्याचा दाखला?”
“कारखानाच बंद आहे साहेब, देईल कोण?”
“ते मले काय माहीत, बाई. कागद पायजे.”

दुसऱ्या दिवशी हे सायकलने बुटीबोरीला.
गेटवर वामन चौकीदार,
आठ महिन्यांपासून बिनपगारी, तरी वर्दीत.
आत कोणी नाही, ऑफिसात कबुतरं.
त्याने ड्रॉवर उचकला, होता तो एकच शिक्का निघाला,
थुंकी लावून जोरात मारला :
‘बाहेर जाण्यास परवानगी आहे.’

हे घरी आले, कागद माझ्यापुढे ठेवला.
आम्ही किती दिवसांनी हसलो.
हसता हसता ह्यांनी तीन बोटांच्या हाताने डोळे पुसले.

तिरपुडेंनी तो कागद उलटा केला, सुलटा केला.
हसले नाहीत.
टाचणी शोधली, फाइलला लावला
अन् म्हणाले, “चालते.”

इकडे दारावर बँकेने चिकटवलेलं पान, साठ दिवसांचं.
जिना चढणारे तिसऱ्या मजल्यावर
नेमके दम खायला थांबत.
आमच्या मनवाने त्यावर किराणा दुकानाचं कॅलेंडर टांगलं.
मग लोक म्हणू लागले, “चतुर्थी कधी आहे पाहून राहिलो.”
पाहा ना बापा. पाहा.

पत्र आलं तेव्हा पाऊस निम्मा होऊन गेला होता.
थकलेले सहा हप्ते कर्जाच्या शेपटीला जोडले,
व्याजातला थोडा वाटा शासन भरेल,
पुढचा हप्ता पाच तारखेला, न चुकता.
मी तीनदा वाचलं. कुठेच ‘माफ’ नव्हतं.
कर्ज फिटेल तेव्हा मी चौसष्टची, हे सत्तरचे.
“म्हणजे तेवढं जगणं आलं,” हे म्हणाले,
अन् काकाच्या ओळखीने लागलेल्या
वॉचमनच्या ड्यूटीवर गेले.

लालवानींचं पत्र आलं का, माहीत नाही.
नंबर घ्यायचा राहिला.

रविवारी गरम पाणी अन् सुरी घेऊन
दारावरचं पान खरवडलं.
रंगही आला त्याच्यासोबत.
आता तिथे एक चौकोन आहे,
लाकूड उघडं, कडेने डिंकाची पांढरट रेघ.
भांडी घासायचा काथ्या लावून पाहिला, जात नाही.

काल तिथेच उभी होते किल्ली शोधत.
किल्ली सापडली पर्समध्ये, खालच्या कप्प्यात,
तरी थोडा वेळ तशीच उभी राहिले.
मग लक्षात आलं,
चप्पल मी केव्हाच काढून ठेवली होती.