फाटा

बस इथे थांबते म्हणून हा फाटा.
चिचटोला फाटा. एक मोहाचं झाड, एक टपरी,
आणि विजेच्या खांबाला पाठ लावली तरच
दोन काड्यांची रेंज.

इथे बसून मी तो हिशोब लिहिला, तेंदूपत्त्याचा.
नाव लावायचा, पुडे मोजायचा,
आणि सोनकाबाईला वाचता येत नाही
म्हणून आकडा बोलून दाखवायचा:
"एकशे ऐंशी, माय."
माझ्याच आवाजात.

खाली एक ओळ टाकली होती.
कोणीही घ्या, कोणीही बदला, कशासाठीही वापरा.
लिहिताना छाती भरून आली होती,
आमच्या टोल्यातून आजवर जगात काही गेलं नव्हतं
मोहफुलं आणि माणसं सोडून.

अनोळखी लोक आले मदतीला.
नाशिकच्या निरंजननं तारखा सरळ केल्या.
मदुराईच्या तेनमोळीनं बॅटरी वाचवली.
ज्याचं गाव मला उच्चारता येत नाही
त्यानं सांगितलं, तू शून्यानं भागते आहेस,
ज्या दिवशी कुणी पानं आणत नाही त्या दिवशी.

वैशाखात फळीवर गेले.
मुंशीच्या हातात माझाच हिशोब,
तीच बटणं, तोच हिरवा रंग,
आणि माझा आवाज म्हणत होता:
"एकशे एकाहत्तर, माय."
शंभरामागे पाच, खराब म्हणून, मधल्या मध्ये.
सगळी मिळून एक ओळ. नीट लिहिलेली.

मी तोंड उघडणार तर सोनकाबाईच म्हणाली,
"तूच त सांगून रायली ना वं,
मंग बरोबरच असन."

त्या रात्री खांबाला पाठ लावून मंडळींना लिहिलं:
एक अट घालू.
मजुराचं कापायला हे वापरता येणार नाही.
एवढंच.

निरंजन म्हणाला, अट आली की मोकळेपण गेलं.
आज ठेकेदार, उद्या कोण? आणि ठरवणार कोण?
(प्रश्न खरा होता. तो मी अजून ओटीत घेऊन फिरते.)
एकानं विचारलं, लोहार विचारतो का
विळ्यानं काय कापणार?
मी लिहिलं, आमचा विचारतो.
आणि विळा कुणाच्या घरी गेला, ते त्याला ठाऊक असतं.
कुणी म्हणालं, राजकारण बाहेर ठेवा.
मी बाहेरच तर बसले होते,
दिव्याभोवतीचे किडे माझ्या केसांत पडत होते.

मग कुणीतरी माझं आडनाव शोधून काढलं,
त्यावर दोन वाक्यं लिहिली.
सकाळी ती पुसलेली होती.
पुसल्याची नोंद आहे, वाक्यं नाहीत.
मला दोन्ही पाठ आहेत.

तेनमोळी एकटीच म्हणाली,
अटीचं मला नीटसं कळत नाही,
पण तू निघालीस तर मी येते.
आणि सतराव्या दिवशी निरंजन, दमून:
"हेमलता, आता फाटे फोडू नकोस."

फोडला.

इंग्रजीत त्याला जेवायच्या काट्याचं नाव आहे.
आमच्याकडे काटा म्हणजे वजनाचा,
नाही तर पायातला.
मी आपलं फाटाच म्हणते.

नव्यात अट आहे. मुंशीनं ती वाचली नाही,
तो जुनाच चालवतो,
तसा हक्क त्याला मीच देऊन बसलेय
आणि परत मागता येत नाही.
निरंजन अजून जुन्यातल्या तारखा सांभाळतो,
निगुतीनं. माणूस वाईट नाही.
नवा तीन गावं वापरतात. त्यातलं एक माझं.

आवाज मात्र बदलला.
या खेपेला सोनकाबाईचा घेतला.
एक ते शंभर म्हणवून घेतले मोहाखाली,
एकोणसाठला अडायची, पदर तोंडाला लावून हसायची,
मधेच एकदा बस आली, ती पण भरली गेली त्यात.

आता ग्रामसभेच्या फळीवर
ती स्वतःचाच आवाज ऐकते,
मान हलवते,
आणि खाली बसून पुडे पुन्हा मोजते, बोटांवर.
मी म्हटलं, मावशे, तुझाच तर आवाज आहे.
"हाय ना," म्हणाली,
"म्हून त मोजून रायली."