पोच

गुरुवारी संध्याकाळी, शाळेच्या सुतारकामाच्या खोलीत
तोर्शावनहून बोटीने येणारा हॉग्नी आम्हाला नेटवर्क शिकवतो.
आम्ही चौघं. दोघे मासळीच्या कारखान्यातले,
एक मेंढपाळ, त्याला डोंगरावर कॅमेरे लावायचेत,
आणि मी, एकाहत्तर वर्षांची,
सुम्बाच्या टेलिफोन बोर्डावर एकोणीस वर्षं काढलेली.

तो फळ्यावर लिहितो:
पाठवणारा, घेणारा, माध्यम, संदेश, नियम.
पाचच, म्हणतो.
मी म्हणते, सहावी मी होते.
तो हसतो. तुम्ही म्हणजे स्विच.
असेन.
चौदा नंबरला दुकान, बावीसला पाद्री,
आणि सातला रात्री आठनंतर कुणालाच जोडायचं नाही,
हे कुठल्या तक्त्यात लिहिलेलं नव्हतं.

हाफ ड्युप्लेक्सपाशी हॉग्नी अडखळला.
मेंढपाळानेच सोडवलं: अरे, आपला जुना बोगदा!
एका वेळी एकच दिशा. समोर दिवे दिसले
की गाडी खाचेत घालायची, वाट बघायची.
फुल ड्युप्लेक्स मी सांगितलं:
मी आणि माझी नणंद.
दोघी एकदम बोलतो, दोघींना सगळं ऐकू येतं.

पॅकेट तर मला शिकवावंच लागलं नाही.
आमच्याकडे बाह्या आई विणायची, पाठ मावशी, गळा मी.
तुकडे कुठल्या वाटेने येतात, कुठला आधी येतो,
काही बिघडत नाही;
आकडे जुळले की शेवटी अंगाला बसतं.
बाही हरवली तर बाहीच पुन्हा मागवायची.

मग तो पोचेवर आला.
पाठवलं की घड्याळ लावायचं.
पोच नाही आली, पुन्हा पाठवायचं.
तरी नाही, तर आणखी थोडं थांबून, पुन्हा.
शेवटी सोडून द्यायचं. त्याला टाइमआउट म्हणतात.

मी विचारलं,
माल पोचला आणि पोचच हरवली तर?

हॉग्नी खडू बोटांत फिरवत राहिला.
पाठवणाऱ्याला फरक कळत नाही, म्हणाला.
दोन्हीकडून सारखंच ऐकू येतं त्याला.
म्हणजे काहीच नाही.

हानुस, माझा भाऊ, एस्बियर्गला गेला
तेव्हा होडीच्या वाट्यावरून आमचा अबोला होता.
पहिल्या हिवाळ्यात मी स्वेटर पाठवला.
मग दोन हिवाळे थांबून दुसरा.
तिसरा विणला तो नवऱ्याला दिला;
बाह्या त्याला लांब व्हायच्या, तो दुमडून घालायचा.
गावभरच्या तारा मी जोडत होते
आणि एस्बियर्गचा नंबर मला पाठ होता.

अकराव्या वर्षी तो धक्क्यावर उतरला.
अंगात पहिला स्वेटर,
कोपरांवर रफू,
दुसरा उसवून काढलेल्या लोकरीचं.
पत्र का नाही टाकलंस?
टाकलं होतं की, म्हणाला.
मग पेटी उचलताना म्हणाला, टाकणार होतो.
यातलं खरं कुठलं, ते मी अजून विचारलेलं नाही.

घरच्या अभ्यासाला हॉग्नीने दिलं:
लेटन्सी म्हणजे काय, उदाहरणासह लिहा.
मी लिहिलं: निघाल्यापासून पोचेपर्यंतचा वेळ.
उदाहरण: अकरा वर्षं.

त्याने लाल पेनाने शेजारी लिहिलंय,
एकक तपासा. मिलिसेकंद?

मी खोडलं नाही.