येस

खाली धुडकू मिस्तरीचं मोटार-रिवाइंडिंग,
वर माझी खोली. चोपडा, यावल रस्ता.
वार्निशचा वास जिन्यानं वर येतो
आणि की-बोर्डवर बसून राहतो.

मी वजनकाट्यांचा प्रोग्राम लिहितो, जिनिंगवाल्यांसाठी.
कापसाची गाडी चढते, काटा आकडा सांगतो,
मधल्या चार ओळी माझ्या.

आधी मी कुळी विचारायचो.
कुठल्या कंपनीचा तू? यादीत आहेस?
धरणगावचा एक जुना काटा, अगदी खरं बोलणारा,
दोन दिवस दारात अडकला,
नाव ओळखीचं नाही म्हणून.
मागे ट्रॅक्टर, ट्रॅक्टरमागे हॉर्न.

त्याच आठवड्यात सातपुड्यातून एक पोरगा आला.
हातात पिशवी, पायात भावाची चप्पल.
मी जिन्यावर. वाटलं, आता गाव, मग आडनाव.
मिस्तरी मान वर न करता:
"तार गुंढाळता येस का?"
"येस."
"बठ."
गुमान हे त्याचं नाव आम्हाला चौथ्या दिवशी कळलं.

वर जाऊन मी यादी खोडली.
आता येईल त्याला एकच सवाल: वाचता येतं?
येस म्हणाला की आत.
कोण, कुठला, कोणाच्या वंशातला,
माझा प्रोग्राम विचारत नाही.
मला फार बरं वाटलं. जरा जास्तच.
(मिस्तरीचं येस अहिराणी, पडद्यावरचं इंग्रजी.
मी दोन्ही एकच धरले.)

मग पारोळ्याचा नवा काटा आला, चकचकीत.
वाचतोस? येस.
भरल्या ट्रकखाली शून्य.
रिकाम्या ट्रकखालीही शून्य.
त्याच्यात 'वाच' नावाची खोली होती,
दाराला पाटी होती,
आत कोणी राहायलाच आलं नव्हतं.
मॅनेजरनं फोनवर माझ्या सात पिढ्या मोजल्या,
काट्याशिवाय.

मिस्तरीनं ऐकलं असावं.
"पोर्‍याले बठ म्हनं मी," तो म्हणाला,
"पन त्यानी पह्यली मोटर रातले खोलीसन दखी."
आणि टेस्ट-लॅम्पची दोन टोकं
समोरच्या गुंडाळीला लावली.
हा दिवा कंपनी विचारत नाही,
येस का तेही विचारत नाही,
पेटतो, नाहीतर

लाईट गेली. सगळ्या गल्लीची नाही, आमचीच.
अंधारात गुमानचा आवाज:
"दादा, फ्यूज बांधता येस का तुमले?"

तोंडातून निघून गेलं माझ्या,
येस.