हजेरी

वादळाच्या आधी माझ्याकडे चौसष्ट प्रश्न होते,
प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरडे.
प्रश्न अठरावा : तुम्ही कोनफळाच्या किती जाती लावता?
लेइपाकोआनं एका हाताची बोटं संपवली, मग दुसऱ्या हाताची,
मग माझी उसनी घेतली, तरी पुरली नाहीत.
सत्तावीस नावं. मी लिहीत गेले, ती हसत गेली :
कोनफळाचं नाव कुणी कागदावर लावतं का?

मग ते आलं. दोन रात्री.
तिसऱ्या सकाळी बेटावर पान उरलं नव्हतं,
डोंगर सोललेल्या कोंबडीसारखा उघडा.
नाकमालचं छप्पर, जिथे गाव बसतं आणि भांडतं,
खाडीत तरंगत होतं,
आणि समुद्र असा निवांत
की जणू तो त्या रात्री परगावी गेला होता.

मी पोचले तांदळाच्या जहाजातून, तीच पिशवी घेऊन.
प्रश्न एकतिसावा : गेल्या बारा महिन्यांत
अन्नाची चिंता वाटली का?
कधीच नाही. क्वचित. नेहमी. एकावर खूण करा.
तोंड उघडलं, तसंच मिटलं.
काल्साउ म्हणाला, "ते ठेव खाली. ताडपत्रीचं हे टोक धर."
चार दिवस मी टोक धरलं.

सुवाहून विद्यापीठाची विचारणा : नमुना बिघडला आहे का?
मी कळवलं : नमुना छप्पर शाकारतो आहे.

बायका रानात गेल्या, कडू करांदे घेऊन आल्या,
ओढ्यात तीन रात्री भिजवले, कडूपणा वाहू दिला.
लेइपाकोआनं अंगणातला एक दगड सरकवला :
खाली खड्डा, पानांत गुंडाळलेला आंबवलेला नीरफणस,
सासूनं पुरलेला. वास असा की कुत्रं मागे सरलं.
माझ्या तक्त्यात खड्ड्याला रकाना नव्हता.
"तू बागेचं विचारलंस," ती म्हणाली,
"जमिनीखालचं कुठे विचारलंस?"

त्या रात्री तीच म्हणाली, "कागद काढ. माझी नावं वाच."
कंदिलाशी मी वाचू लागले, शाळेत हजेरी घेतात तशी.
शार्कचा दात?
"आहे. एकच डोळा शाबूत आहे, पण आहे."
लांबरस्ता?
"अर्धा. उंदरानं माझ्याआधी हिशेब केला."
विधवेची उशी?
सगळे एका म्हाताऱ्याकडे बघून हसले,
आणि त्यानं शर्टाच्या आतून ती काढली.

पहाटे काल्साउनं वाळूवर बोट टेकवलं
आणि न उचलता ओढत गेला :
कुणाचा तुकडा कुणाच्या मातीत,
ते कुणाला परत, पुढच्या वर्षी की नातवाच्या वेळी.
एकच रेघ, सगळ्या घरांतून फिरून सुरुवातीला आलेली.
मी फोटो काढू का, विचारलं.
"शिकून घे," तो म्हणाला. एक कोंबडी त्यावरून चालत गेली.

आता माझ्याकडे एकच प्रश्न आहे, तोही माझा नाही :
कुणाकडे काय उरलंय, आणि ते कुणाकडे जायचंय?
कागद इथेच राहील, बिस्किटांच्या डब्यात.
मला हवा असेल तर मी मागायचा.

पांढरी मावशी?
तीनदा वाचलं. कुणी बोललं नाही.
मी पेन्सिल टेकवली, तर लेइपाकोआनं मनगट धरलं.
"खोडू नकोस. पलीकडच्या बेटावर माझी भाची दिली आहे.
लग्नात तिच्या टोपलीत मीच काहीतरी घातलं होतं.
काय ते
आठवू दे."