नमुनासंख्या एक

बाटली अंगठ्याएवढी, आत ड्रॉपर.
लेबलवर मुंगीएवढ्या अक्षरांत:
फक्त संशोधनासाठी. मानवी सेवनासाठी नाही.

तोमे, वय तेवीस, सेतुबालच्या गोदीत वेल्डर.
त्यानं संशोधन केलं.
चौकटींची वही, निळं पेन,
डावीकडे मात्रा, उजवीकडे वजन.
इतक्या नेटक्या नोंदी
आमचे शिकाऊ डॉक्टरही ठेवत नाहीत.

दिवस १. दहा मिलिग्रॅम. एकाहत्तर किलो. चव टर्पेंटाइनची.
दिवस ९. आरसा बरा वाटतोय.
दिवस २२. क्रेनवरचा इल्दू म्हणाला, खांदे भरले रे.

ह्या ओळीखाली दोन रेघा.
तेव्हा चढलं असेल अंगावर मूठभर मांस,
तेवढंच काय ते बिनविषारी.

दिवस ३४. वीस. झोप नाही.
दिवस ४१. लघवी कोऱ्या चहासारखी. पाणी कमी पडत असेल.
दिवस ४४. तळपायांना खाज, रात्रभर.

मग पान कोरं.
पुढचं मी लिहिते,
दुल्से, रात्रपाळीची नर्स, चौथा मजला:
डोळे फेब्रुवारीतल्या मिमोझासारखे पिवळे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अभ्यास झालेत, नाही असं नाही.
शुद्ध, मोजून दिलेलं,
म्हाताऱ्यांना, कर्करोगानं झडलेल्यांना.
किलो-दीड किलो मांस वाढलं.
जिना सोपा झाला, असं मात्र
छातीठोकपणे कुणी सांगू शकलं नाही.
आणि ही बाटली तर तीही नाही.
प्रयोगशाळेनं उघडली:
लेबलवरचं निम्मं,
बाकीचं कुणाचं कोण, पत्ता नाही.

त्याची आई सार्डिनच्या कारखान्यातून थेट आली,
हाताला खवल्यांचा वास.
लेबल लांब धरून वाचलं.
"मानवी नाही, मग कुणासाठी?"
उंदरांसाठी, बाई.
"उंदरांना कुठे असतो आरसा?"

ह्यावर आमच्यापैकी कुणीच बोललं नाही.

तुलनेला दुसरा गट लागतो म्हणतात.
म्हणजे दुसरा एक तोमे,
ज्यानं बाटली उघडलीच नाही,
जो आत्ता नदीकाठी तळलेले माकूळ खात
इल्दूशी फुटबॉलवरून भांडतोय.
तो कुठल्याच वॉर्डात सापडत नाही.

पहाटे रक्त घेताना तोमेनं डोळे उघडले.
"वजन?"
सहासष्ट.
"लिहा," म्हणाला,
"तारखेसकट."