डाव्या दाराच्या बिजागऱ्या

भोसरीत, सेक्टर दहाच्या शेडमध्ये
चार हजार दोनशे बिजागऱ्या तेल चोपडून पडल्यात,
सगळ्या डाव्या दाराच्या.
उजव्यांची ऑर्डर सोमवारी येणार होती.
तो सोमवार चाकणला कुठेतरी
गेटपासवर सही व्हायचा राहून गेला.

टपरीवरचा टीव्ही म्हणाला, कंपनीला सरकारी मदत,
इतके हजार कोटी.
उद्धव गुट्टे, माझा प्रेस ऑपरेटर,
शून्यं मोजू लागला डाव्या हातावर.
तिथं बोटं साडेतीनच.
"ह्यात आपलं मार्चचं बिल निघंल का, शेठ?"
मी म्हटलं, चहा पी.

धक्का मारून गाडी चालू होते, खरंय.
मीही मारलाय, भर दुपारी, नाशिक फाट्यावर.
पण बॅटरी उतरली असेल तर.
ही तर लोकांच्या मनातून उतरलेली.

आणि तरी सांगतो,
देऊ नका म्हणायला माझी जीभ रेटत नाही.
कोटींच्या टाकीला कुठेतरी गळती असतेच,
तिच्याखाली बादली धरून
आम्ही पंचवीस वर्षं काढली.
पोरीचं इंजिनिअरिंग त्याच बादलीतलं.

काल गुट्टेनं शेडच्या संडासाला
पत्र्याचं नवं दार बसवलं,
आपल्याच दोन बिजागऱ्यांवर.
उघडलं. सोडून दिलं.
ठप्प.
"बघा कसं लागतंय," म्हणाला,
"बारा लाखाच्या गाडीवानी."

उरल्या चार हजार एकशे अठ्ठ्याण्णव.