खसखस

दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला
मी अग्निशमन केंद्राच्या तळघराचं कुलूप काढतो.
बारा खुर्च्या मांडतो.
माणसं सात येतात, कधी नऊ.
एकदा लहेव्ह नदीवरून एवढं धुकं चढलं
की फक्त थेल्मा आली, टॉर्च घेऊन,
आणि आम्ही दोघांनी बारा जणांची कॉफी प्यायली.

माझी बायको, आर्डिथ,
बावीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवायची.
कुठलं पोर कुठल्या टपालपेटीपाशी चढतं,
त्याला सोडायला येणाऱ्या कुत्र्याचं नाव काय,
सगळं तोंडपाठ.
मग एका ऑक्टोबरात फाट्यावर बस थांबली
आणि थांबूनच राहिली.
मागे चौदा पोरं. गाणी बंद झाली.
पहिलीतली एक चिमुरडी पुढे येऊन हळूच म्हणाली,
डावीकडे, मिसेस आइस्नॉर.
ती डावीकडे वळली.
सगळ्यांना घरी पोचवलं,
आणि त्याच संध्याकाळी किल्ल्या परत देऊन आली.

पहिला डॉक्टर म्हणाला, वय.
दुसरा म्हणाला, मन.
तिसरा हसून म्हणाला, राईचा पर्वत करताय.

राई कसली!
राईहूनही लहान होतं ते.
पावावर भुरभुरतात ती खसखस,
तिच्यातल्या एका दाण्याला पाय फुटावेत, तेवढं.
गुडघ्याच्या मागे,
जिथे स्वतःची नजर जात नाही,
जिथे दुसऱ्यानेच बघायचं असतं.
लाल वर्तुळ उमटलं असेलही.
त्या मे महिन्यात मी बोटीच्या तळाला रंग देत होतो.
बोट छान दिसत होती.

थेल्माचा केलन जमिनी मोजायचा.
सव्वीस वर्षांचा. दिवसभर कमरेएवढ्या गवतात.
तीन आठवडे म्हणत होता, जरा गरगरतंय,
जिन्यात दम लागतोय,
आणि एका सकाळी त्याच्या हृदयाचा ठोका चुकला
तो पुन्हा सापडला नाही.
थेल्मा याविषयी बोलत नाही.
ती येते, कोट न काढता बसते,
नव्याने आलेल्याला साखर किती विचारते.
पण बर्फ वितळलं की
केलनच्या खोलीत उरलेल्या नारिंगी फितींची रिळं काढते
आणि पायवाटांवर, जिथून गवत दाट होतं
तिथे तिथे बांधत जाते.
दुहेरी गाठ.
नगरपालिका गवत कापायला येईल तेव्हा येईल.
मी एकदा हरणांना शिव्या घातल्या
तर म्हणाली, त्यांच्या अंगावर तर शेकड्यांनी असतात रे.

गेल्या गुरुवारी लॉइड झिंक उभा राहिला.
त्याला काहीतरी महत्त्वाचं सांगायचं होतं.
तोंड उघडलं, आणि शब्द गेला.
आम्ही वाट पाहिली.
इथे वाट पाहता येते सगळ्यांना.
हीटर टिकटिकत होता.
शेवटी तो म्हणाला,
जाऊ द्या, आठवलं असतं तरी
तुम्ही कुठे लक्षात ठेवणार होतात!

आणि अशी खसखस पिकली त्या तळघरात
की वरून ड्यूटीवरचा पोरगा खाली बघायला आला.
आर्डिथ हसता हसता गुडघा धरून कळवळली,
तरी हसत राहिली.
थेल्माने कोटाची बाही तोंडावर दाबली.
तिचे खांदे हलत होते.
मी नीट पाहिलं. हसतच होती.

आता रोज रात्री दिव्याखाली, चष्मा लावून
मी बघतो.
कानामागे, केसांच्या कडेला, काखेत,
गुडघ्यांच्या मागे दोनदा.
तीळ सगळे माझ्या ओळखीचे झालेत.
मी शोधतो तोवर ती जुने थांबे म्हणते:
दोन टपालपेट्या, हिर्टलची गोदी,
पडकं चर्च, निळं गॅरेज,
जुळ्यांचं घर...
काल नऊ आले. आज अकरा.

होते बारा.
बारावा मला ठाऊक आहे.
मी काही बोलत नाही.
दिवा थोडा जवळ ओढतो,
आणि ती डोळे मिटून
फाट्यावर थांबलेली असते.